ठोका आला नाही

१

धाकट्याचं वय त्रेपन्न. डोक्यावर टक्कल, उठता-बसता गुडघ्यांची कुरकुर, तरी गल्लीत तो धाकटाच. थोरला जाऊन वर्ष झालं, पण म्हणून धाकट्याला कुणी थोरला म्हणायला लागलं नाही. काही माणसांची बढती देवाघरी अडकते ती अडकतेच.

दोघा भावांचा धंदा एकच, गाड्यांची गळती. त्यातही खास सनरूफची. गाडीच्या छताला खिडकी पाडायची हे ज्याला पहिल्यांदा सुचलं, त्याला थोरला रोज सकाळी हात जोडायचा. लोकांना वाटतं, काच घट्ट बसते म्हणून पाणी आत येत नाही. छे! काचेच्या कडेने पाणी येतंच. काचेखाली चारी बाजूंनी पन्हळ असते, पन्हळीच्या चार कोपऱ्यांना चार भोकं, आणि प्रत्येक भोकातून करंगळीहून बारीक नळी खांबाच्या पोटातून उतरून पाणी चाकामागे सोडून देते. गाडी झाडाखाली लावा, पानांचा भुगा आणि शेवाळ त्या भोकात बसू द्या, की एक दिवस सिग्नलला उभं असताना मानेवर टपकन थेंब. गाडी विकणारा हे सांगत नाही. सांगितलं असतं तर या दोघांना दुसरा धंदा बघावा लागला असता.

नळी मोकळी करणं सोपं. गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी आत सोडायची आणि हळूहळू फिरवायची. जोराची हवा मारायची नाही, नाहीतर नळी खांबाच्या आतच सुटते आणि मग बोंब. अवघड काम असतं कुठला कोपरा गळतो ते शोधायचं, कारण पाण्यासारखं लबाड काही नाही. ते पुढून शिरतं आणि मागच्या सीटवर उतरतं.

त्यासाठी दोघांची एक पद्धत होती. थोरला टॉर्च घेऊन मागच्या सीटवर मधोमध बसायचा, तिथून चारी कोपरे दिसतात. धाकटा गाडीच्या बॅटरीची तार काढायचा, कारण पाणी मुरलेल्या गाडीत वीज खेळू द्यायची नसते. मग दारं बाहेरून किल्लीने बंद करायचा, म्हणजे रबर घट्ट बसतं, आतला खटकाही चालत नाही, आणि आतल्याने घाईत दार उघडून सीट भिजवायचीही भीती नाही. मग पाइप घेऊन छतावर पाणी. आत थेंब दिसला की थोरला स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने काचेवर ठोकायचा. एक ठोका म्हणजे ड्रायव्हरच्या पुढचा कोपरा, दोन म्हणजे त्याच्या शेजारचा, तीन म्हणजे ड्रायव्हरच्या मागचा, चार म्हणजे उरलेला. आणि पाच म्हणजे पाणी बंद कर, दार उघड.

थोरल्याचा ठोका लाखात ओळखू यायचा. पहिला हलका, बाकीचे खणखणीत. आधी पाहुण्यासारखा, मग पोलिसासारखा. बाहेर धाकटा ओठ हलवत मोजायचा, अगदी पहिलीतल्या पोरासारखा, आणि पिवळ्या मेणखडूने त्या कोपऱ्यावर फुली मारायचा. बावीस वर्षं हेच.

वर्षापूर्वी एका करड्या गाडीत, भर सकाळी, पाणी बंद करून धाकट्याने दार उघडलं तर थोरला ड्रायव्हरच्या मागच्या बाजूला कलंडला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, तीन-चार मिनिटं आधी बाहेर काढलं असतं तर... आणि वाक्य तिथेच सोडून हात धुवायला गेले.

वहिनी वरच्या घरातून धावत खाली आली. तिचा पहिला प्रश्न होता, "ठोका दिला नाही त्यांनी?"

"नाही वहिनी," धाकटा म्हणाला. "ठोका आला नाही."

२

वहिनी आणि धाकटा अजून एकाच छपराखाली होते. वर वहिनीच्या दोन खोल्या, खाली गॅरेज, गॅरेजच्या मागच्या खोलीत धाकट्याचं एकट्याचं बिऱ्हाड. मधे लोखंडी जिना. वर्षभरात वहिनीने गॅरेजच्या फरशीला पाय लावला नव्हता. सकाळी अकराला चहाचा कप जिन्याच्या खालून तिसऱ्या पायरीवर ठेवायची, "भावजी, चहा," म्हणायची आणि वळायची. आवाजात राग नाही, लोभ नाही. दूधवाल्याला आज दूध नको सांगावं तसा आवाज.

धाकटा आता एकटाच काम करायचा. आत सगळीकडे वर्तमानपत्रं पसरायची, पाणी मारायचं, उघडून बघायचं, कागद कुठे भिजला. वेळ जायचा. गिऱ्हाइकं कुरकुरायची. "थोरले असते तर..." असं म्हणून वाक्य अर्धवट सोडायची जगाला सवयच लागली होती.

एका मंगळवारी दातांच्या डॉक्टरची काळी गाडी आली. धाकट्याने कागद पसरले, दारं बंद केली, पाइप उचलला. काचेवर पाणी पडताना तडतड आवाज होतो, त्याची एक लय असते, कानाला ती सरावलेली असते. त्या लयीतून आवाज आला.

टक्. ठक्.

पहिला हलका. दुसरा खणखणीत.

धाकट्याच्या हातातून पाइप सुटला नाही, हे त्याला स्वतःलाच नंतर विशेष वाटलं. त्याने शांतपणे नळ बंद केला आणि डोकं चालवलं. गाडी उन्हात उभी होती. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की काच आवाज करते. शिवाय तुंबलेल्या नळीत हवा अडकते आणि बुडबुडा फुटला की पत्रा वाजतो. दोन बुडबुडे असतील. बुडबुड्यांना काय मोजता येतं?

त्याने दार उघडलं. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवरचा कागद भिजून लगदा झाला होता. बाकी सगळे कोरडे ठणठणीत.

"बुडबुडा," धाकटा मोठ्याने म्हणाला. आपण कुणाला समजावतोय, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

३

पुढच्या महिन्याभरात बुडबुड्यांनी एकदाही चूक केली नाही. एक आला तर एक, चार आले तर चार. तिसऱ्या आठवड्यात धाकट्याने कागद पसरणं सोडून दिलं. पाणी मारायचं, ऐकायचं, फुली. कामाला असा वेग आला की गाड्यांची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत गेली.

शेजारचा रंगारी, जो गाड्यांना रंग मारता मारता लोकांच्या अब्रूलाही मारायचा, एकदा कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"धाकट्या, हल्ली उघडून बघतही नाहीस म्हणे? डायरेक्ट फुली?"

"अनुभव."

"अनुभव थोरल्याकडे होता रे. तुझ्याकडे पाइप होता."

धाकटा हसला. हसण्यावाचून करणार काय? पण ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं, कारण जवळपास हेच त्याने आधीही ऐकलं होतं. त्या शेवटच्या सकाळी.

करड्या गाडीच्या मालकाने सहज विचारलं होतं, तुमच्यात मुख्य कोण? थोरला खांद्यावर थाप मारत म्हणाला, "मुख्य मी. हा पाइप धरतो. बावीस वर्षं धरतोय, अजून वाकडाच धरतो." मालक खो-खो हसला. धाकट्यानेही दात दाखवले. मग थोरला आत बसला, धाकट्याने किल्ली फिरवली, पाणी सुरू केलं, आणि थोड्या वेळाने ठोके आले.

पाच.

आता हे पाच ठोके थोरला कशासाठीही द्यायचा. चहाची वेळ झाली, पाच. पाइप वाकडा धरलास, पाच. नुसता कंटाळा आला तरी पाच. म्हणून धाकट्याने मनात म्हटलं, बस लेका. मुख्य ना तू? बस पाच मिनिटं. आणि त्याने नळ आणखी दोन आटे उघडला, पाण्याचा आवाज वाढावा म्हणून.

पुन्हा पाच आले. या वेळी पहिला ठोका हलका नव्हता.

मग बराच वेळ काही नाही. मग सावकाश, मधे खूप जागा सोडून, तीन. बावीस वर्षांची सवय हाताला असते, डोक्याला विचारून हात चालत नाही. तीन म्हणजे ड्रायव्हरच्या मागचा. धाकट्याने त्या कोपऱ्यावर पिवळी फुली मारली, नळ बंद केला, पाइप नीट वेटोळं करून खुंटीला अडकवला आणि मग दार उघडलं.

ही गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती. आणि तो मोठ्या मेहनतीने ती विसरत आणला होता.

आता तोच ठोका त्याला रोज कोपरे सांगत होता. कडू हसू येई त्याला. मेल्यावरसुद्धा मुख्य तोच, आणि आपल्या हाती पाइपच.

एके दिवशी त्याने मोबाइल रेकॉर्डिंगला लावून रिकाम्या गाडीत मागच्या सीटवर ठेवला. पाणी मारलं, बाहेर चार ठोके स्वच्छ ऐकले, फुली मारली. मग बाकावर बसून आतला आवाज कानाला लावला. नुसतं पाणी. ठोका एकही नाही. धाकट्याचा जीव भांड्यात पडला. बघ, म्हणजे बाहेरच होतो आवाज. पत्र्याचाच. शाळेत शिकलेलं विज्ञान काही अगदीच वाया गेलं नाही.

तो बंद करणार, तेवढ्यात पाण्याच्या तडतडीखाली एक बारीक आवाज आला. खट् करून काहीतरी उघडलं. थोड्या वेळाने टप् करून मिटलं.

थोरला थेंब बघायला चष्मा काढायचा. पत्र्याच्या डबीतून. ती डबी वर वहिनीच्या कपाटात होती, धाकट्याने स्वतःच्या हाताने ती तिला दिली होती.

त्याने रेकॉर्डिंग पुसलं. आणि पुढची गाडी आत घेतली. करणार काय, रांग लागली होती.

४

करडी गाडी परत आली ती एका नर्सबाईंच्या मालकीची होऊन. बाई बोलक्या, घाईत, बुटांना कळकट पट्ट्या. "सेकंडहँड घेतली हो, स्वस्तात. आता कळतंय स्वस्तात का ते. मागची सीट बघा."

धाकट्याने गाडी ओळखली होती ती गल्लीच्या तोंडाशीच. छताच्या त्या कोपऱ्यावर पिवळी फुली होती. फिकी, पण होती.

"तेवढं ते पण काढून द्या," नर्सबाई म्हणाल्या. "दोनदा पॉलिश केलं. जातच नाही."

मेणखडू उन्हात रंगात मुरतो, धाकट्याने स्वतःला सांगितलं. मुरतोच. रंगाऱ्यालाही विचारा.

त्याने मागचं दार उघडलं. ड्रायव्हरच्या मागची सीट ओली होती. पाठ ओली, कडा ओल्या, शिवणीत पाणी साचलेलं. आणि मधोमध एक जागा कोरडी. बसणारा माणूस उठून गेल्यावर उरते तेवढी, तशीच. पाठीकडे रुंद, पुढे दोन मांड्यांना फाटा फुटलेली.

"हे बघा ना विचित्र," नर्सबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगा, पाणी असं बाजूबाजूने कसं पडतं?"

"फोम," धाकटा म्हणाला. "फोम कुठे कुठे पाणी पितो."

"पितो तर ओला दिसेल ना?"

धाकट्याने दार लावलं. "बाई, माझ्याकडे रांग आहे. आठवडाभर जमायचं नाही. दुसरीकडे दाखवलंत तर..."

"घ्या की भावजी."

वहिनी जिन्यावर उभी होती, हातात कप. "बाई एवढ्या अडचणीत आहेत. आणि गाडी आपल्या ओळखीची आहे."

नर्सबाई किल्ली टेकवून पळाल्या. वहिनीने कप तिसऱ्या पायरीवर ठेवला. वळली मात्र नाही. दुसरी पायरी उतरली, पहिली उतरली, आणि वर्षभरात पहिल्यांदा तिचा पाय फरशीला लागला. सरळ गाडीपाशी आली आणि अंगठ्याने ती पिवळी फुली चोळत राहिली, लहान मुलाच्या गालावरचा डाग पुसावा तशी.

"करा सुरू," ती म्हणाली. "मला बघायचंय."

५

बघण्यासारखं त्यात काय होतं? धाकट्याने काच मागे सरकवली, चारी भोकांत दोरी घातली. चारी मोकळी. कुठे पानाचा कण नाही, शेवाळाचा धागा नाही. मग प्रत्येक भोकात मगभर पाणी ओतलं आणि चाकामागे लावलेल्या तसराळ्यात उतरलेलं मोजलं. मगाला मग. थेंब इकडचा तिकडे नाही. इतकी निरोगी गाडी त्याने वर्षात पाहिली नव्हती.

"काही दोष नाही हिच्यात," तो म्हणाला.

"मग सीट कशाने भिजते?"

"वहिनी, तुम्ही वर जा. पाणी उडेल अंगावर."

"उडू दे. पाइपाने मारा ना. तुमची पद्धत तीच ना?"

त्याने काच लावली, बॅटरीची तार काढली, दारं बंद केली, पाइप घेतला. नळ उघडताना त्याने मनात त्या बुडबुड्याला हात जोडले. आज नको. आजच्या दिवस नको.

पाणी तडतडलं. वहिनी छताकडे बघत नव्हती, आतही बघत नव्हती. ती धाकट्याच्या तोंडाकडे बघत होती.

टक्. ठक्. ठक्. ठक्. ठक्.

"पाच म्हणजे कुठला कोपरा, भावजी?"

धाकट्याने पाइप खाली केला. "तुम्हाला... तुम्हालाही ऐकू आले?"

"मला काय ऐकू येणार?" वहिनी म्हणाली. "मला नुसतं पाणी ऐकू येतंय. तुम्ही मोजलंत. तुमचे ओठ हलतात."

धाकट्याने तोंड मिटलं. आता मिटून उपयोग काय?

"त्या दिवशी मी वर खिडकीत कपडे वाळत घालत होते," वहिनी सांगू लागली, किराण्याची यादी सांगावी तशी. "तुम्ही मोजताना दिसलात. म्हटलं, काम चाललंय, झालंच असेल, चहा टाकावा. म्हणून आत गेले. लांबून कळलं नव्हतं कितीपर्यंत मोजलंत ते. मग खाली आले तर तुम्ही म्हणालात, ठोका आला नाही. म्हटलं, बाई गं, आपणच चुकीचं पाहिलं असेल. आणि मग ही फुली दिसली. ठोका आल्याशिवाय तुम्ही फुली मारत नाही ना, भावजी?"

"वहिनी, पाण्याचा आवाज केवढा असतो! काहीबाही भास होतात. एखादा ठोका आला असेलही, पण ऐकू येत नाही हो. देवाशपथ, पाण्यात काही ऐकू येत नाही."

हे बोलून झाल्यावर त्याला वाटलं, वा. हे चांगलं जमलं. आधीच हे सांगायला हवं होतं.

वहिनीनेही मान हलवली. "असेल. तसंही असेल. मग बघू या ना." तिने बाकावरचा लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि त्याच्यासमोर धरला. "तुम्ही आत बसा, त्यांच्या जागेवर. मी पाइप धरते. तुम्ही पाच द्या. नाही ऐकू आले, तर मी पुन्हा कधी विचारणार नाही."

नाही म्हणायचं म्हणजे का ते सांगावं लागतं. धाकट्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला.

६

गाडीत पाणी ऐकण्याची तऱ्हाच वेगळी. बाहेर तडतड, आत मात्र कुणीतरी कानाशी रेती ओततंय असं वाटतं. बावीस वर्षांत धाकटा कधी आत बसला नव्हता. वहिनीने किल्ली फिरवली तेव्हा दारात खट् झालं आणि हवा एकदम जवळ आली.

तो मधोमध बसला होता. डावी-उजवी मांडी आवळून, कारण शेजारी ती कोरडी जागा होती, आणि तिला चिकटायला त्याचं मन घेत नव्हतं.

बेत सोपा होता. पाच द्यायचे, पण लाकडी मुठीने नाही, बोटाच्या पेराने. इतके हळू की काचेलाही कळू नये. वहिनीला ऐकू येणार नाहीत. आपण सुटलो. वर्षभराचा घोर एका मिनिटात संपला. आपल्याला हे कसं सुचलं, म्हणून त्याला स्वतःचं कौतुकही वाटलं. खोटं कशाला सांगू, थोडं हसूही आलं.

त्याने हात वर केला आणि पेराने काचेला स्पर्श केला. एक. दोन.

शेजारच्या कोपऱ्यात छताचं कापड काळपट झालं. थेंब धरला, लोंबला, सुटला. मोकळ्या नळीच्या, निर्दोष कोपऱ्यातून दुसरा सुटला, तिसरा. धाकटा बघत राहिला. थेंब सीटच्या पाठीवर पडत होते, कडेला पडत होते. मधल्या कोरड्या जागेवर मात्र पोचत नव्हते. हातभर वरच, हवेत, कशावर तरी आपटून फुटत होते आणि दोन बाजूंनी ओघळत खाली येत होते. जिथून ओघळत होते, तिथे एक उतार दिसायला लागला होता. माणसाच्या खांद्याला असतो तसा.

बुडबुडा, धाकट्याचं डोकं म्हणालं. बिचारं सवयीने म्हणालं.

खट्. डबी उघडली. त्याच्या कानापासून वीतभरावर.

टप्. मिटली.

आणि काचेवर ठोके पडले. पेराचे नाहीत, लाकडाचे. स्क्रू ड्रायव्हर धाकट्याच्या मांडीवर होता आणि मूठ त्याच्या घट्ट मुठीत होती. पहिला ठोका हलका. मग चार, गाडी हलेल असे.

वर, वाहत्या पाण्याआड, वहिनीचं तोंड होतं. पाण्याने ते लांब होत होतं, मोडत होतं, पुन्हा जुळत होतं. पण ओठ नीट दिसत होते. एक, दोन, तीन, चार, पाच. तिने मोजले. मग ती बाजूला झाली, आणि पाण्याचा आवाज वाढला. नळ दोन आटे उघडल्यावर वाढतो तेवढाच.

मग मात्र धाकट्याने ठोकलं. लाकडी मुठीने, जीव खाऊन. पाच. वहिनी परत काचेवर आली, ओठांनी पाच मोजले, आणि तशीच उभी राहिली. पुन्हा पाच. पुन्हा मोजले. त्याने दाराचा खटका ओढला, तो नुसताच लुळा वर-खाली झाला. हॉर्न दाबायला पुढे झेपावला, मग आठवलं, बॅटरीची तार आपणच काढली आहे. हवा पुरत नव्हती. पुरत नव्हती की त्याला ओढता येत नव्हती, कोण जाणे. शेजारून ओल्या लोकरीचा वास येत होता, थोरल्याच्या त्या राखाडी स्वेटरचा, आणि उजव्या मांडीला काहीतरी टेकलं. थंड नव्हतं ते. त्याचंच वाईट वाटलं. अगदी रोजच्यासारखं ऊबदार होतं.

धाकट्याने मान वळवली नाही. एवढंच त्याच्या हातात होतं, तेवढं त्याने केलं.

हात जड झाला. पुढचे ठोके किती झाले ते त्याला कळलं नाही. तीन असतील.

काचेवर एक हात आला. हातात पिवळा मेणखडू होता. बरोबर त्याच्या तोंडावर, काचेवर, वहिनीने सावकाश फुली मारली. आधी एक रेघ. मग तिला छेदणारी दुसरी.

७

दार उघडलं. धाकटा फरशीवर चार पायांवर पडला, ओकला, आणि बराच वेळ तसाच राहिला. तिसऱ्या पायरीवरच्या चहावर जाड साय धरली होती.

वहिनीने पाइप नीट वेटोळं करून खुंटीला अडकवला. पदराला हात पुसले.

"तुमचं खरं होतं, भावजी," ती म्हणाली. "ठोका आला नाही."

आणि त्यानंतर तिने खरंच पुन्हा कधी विचारलं नाही. शब्दाची पक्की.

नर्सबाईंची गाडी पुन्हा गळली नाही. सीट वाळली, पिवळी फुली साध्या ओल्या फडक्याने निघाली. बाईंनी चार जणांना गॅरेजचा पत्ता दिला. रांग आता गल्लीच्या तोंडाबाहेर जाते.

वहिनी रोज दहाला खाली उतरते. पाइप ती धरते. धाकटा आत बसतो, मागच्या सीटवर, पण मधोमध नाही, थोडा सरकून. शेजारी जागा सोडून. कुठलीही गाडी असो, लहान असो की मोठी, तो जागा सोडतो. आरसा आधीच छताकडे वळवून ठेवतो. कोपरा शोधायला त्याला टॉर्च लागत नाही, त्याने स्वतः ठोकायचीही गरज पडत नाही, कोपऱ्याचे ठोके शेजारून पडतात. त्याचं काम फक्त शेवटचे पाच देण्याचं.

पळून का जात नाही, म्हणाल. पळणाऱ्याला लोक विचारतात, का पळालास?

परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, तुमच्यात मुख्य कोण? वहिनीने धाकट्याच्या खांद्यावरची धूळ झटकली आणि हसून म्हणाली, "मुख्य हेच. मी नुसता पाइप धरते." रंगारी पलीकडून ओरडला, "काय धाकट्या, झालास की रे थोरला!" सगळे हसले. धाकट्यानेही दात दाखवले, आत शिरला, आणि वहिनीने किल्ली फिरवली.

पाच ठोके दिले की वहिनी दार उघडते. न चुकता उघडते. फक्त आदल्या दिवसापेक्षा जरा उशिरा.